पुण्यात घराशेजारच्या वाफ्यांतलं तण काढून आच्छादन आत्ता, मार्चच्या सुरुवातीला करावं का? की पावसाची वाट बघावी?

आत्ताच करा. एप्रिलच्या उन्हात उघडी माती भाजून निघते, मग कितीही पाणी घाला, पुरत नाही.

आदल्या संध्याकाळी वाफा भिजवा, सकाळी खुरपं चालवा. हरळी मुळासकट ओढता येते. खरा छळ लव्हाळ्याचा. नुसती पाती उपटली की चार दिवसांत पुन्हा हजर, कारण जमिनीखाली काळपट गाठी माळेसारख्या लागलेल्या असतात. त्या वीतभर खोल खणून वेचाव्या लागतात, आणि कंपोस्टमध्ये अजिबात टाकू नका. गाजर गवत (भारतात त्याची पहिली नोंद 1950 च्या दशकात पुण्यातलीच मानतात, हा मान आपला!) फुलायच्या आधी हातमोजे घालून उपटा.

आच्छादनाला विकत काही आणू नका. सध्या सोसायट्यांमध्ये पानगळ सुरू आहे, झाडलोट करणाऱ्या मावशींना सांगितलंत तर पोतंभर पाला सहज मिळेल. दोन-तीन इंच थर द्या, पण खोडापासून चार बोटं लांब, नाहीतर बुंधा कुजतो. वाळवी असेल तर थर पातळच ठेवा. पाणी पाल्याखालची माती चाचपूनच घाला.