शंकर बाळकृष्ण दीक्षित हे ज्योतिषी होते की इतिहासकार?

इतिहासकार, आणि तेही खगोलशास्त्राचे. घोटाळा होतो तो त्यांच्या ग्रंथाच्या नावामुळे. 'भारतीय ज्योतिषशास्त्र' म्हटलं की आज आपल्याला पत्रिका आठवते, पण १८९६ साली ज्योतिष या शब्दात ग्रहगणित, पंचांग आणि जातक (पत्रिकेवरून भविष्य सांगणं) असं सगळंच यायचं. दीक्षितांनी भर दिला तो गणितावर आणि सिद्धान्तग्रंथांच्या, म्हणजे ग्रहगणिताच्या जुन्या संस्कृत ग्रंथांच्या, काळावर.

मी हे त्यांचा ग्रंथ वाचून सांगतोय. त्यांची पद्धत बघायची असेल तर कृत्तिका या तारकापुंजाचा भाग काढा. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात म्हटलंय की कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत. आज त्या उगवतात पूर्वेच्या बऱ्याच उत्तरेला. पृथ्वीचा अक्ष हळूहळू फिरल्यामुळे ताऱ्यांच्या उगवायच्या जागा शतकानुशतकं सरकतात, याला अयनचलन म्हणतात; त्याचं गणित उलटं मांडून दीक्षितांनी शोधलं की त्या नेमक्या पूर्वेला कधी उगवत असतील, आणि उत्तर काढलं इ. स. पू. ३००० च्या सुमाराचं. एका वाक्यावरून काळ काढायचा हा प्रयत्न मला आजही थक्क करतो.

मूळचे कोकणातल्या मुरूडचे (जन्म १८५३), पेशाने शिक्षक. रॉबर्ट सेवेल यांच्याबरोबर त्यांनी भारतीय कालगणनेवर इंग्रजी ग्रंथ लिहिला, तोही १८९६ चाच. १८९८ मध्ये, पंचेचाळिशीच्या आतच, ते गेले.

एक मात्र लक्षात ठेवा: कृत्तिकांचा हा काळ सर्वमान्य नाही. 'ढळत नाहीत' याचा अर्थ 'अगदी काटेकोर पूर्वेला' असाच घ्यावा का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.