मुलीला फोंड्यातल्या स्पर्धक नृत्यपथकात घालायचं आहे. आधी काय विचारावं?

महिन्याची फी सगळेच विचारतात. खरा खर्च मागाहून येतो: पोशाख, मेकअप, स्पर्धेची प्रवेश फी, बस. वर्षाचा अंदाज लेखी मागा. आमचे पहिल्या वर्षी पोशाखावरच डोळे पांढरे झाले होते.

पथक स्टेजवरच्या स्पर्धा करतं की शिगम्याच्या, म्हणजे गोव्यातल्या होळीच्या सणाच्या, मिरवणुकाही, हे विचाराच. शिगमो म्हणजे पणजी, म्हापसा, मडगाव, वास्को, वेगवेगळ्या दिवशी. दुपारी तयार होऊन बसायचं, नंबर लागायचा रात्री, तेही डांबरी रस्त्यावर नाचत. आणि हे सगळं फाल्गुनात, म्हणजे ऐन परीक्षेच्या तोंडावर. दहावीचं वर्ष असेल तर मी तरी नाहीच म्हणेन. रात्री मुलांबरोबर कोण थांबतं, घरी कसं सोडतात, हे आधीच पक्कं करा.

वाढत्या वयात टाचा, गुडघे दुखतात. 'दुखतंय' म्हटल्यावर सर बसू देतात की 'फायनलपर्यंत सोस' म्हणतात, हे एक तालीम बसून बघितलं की कळतं. पालकांना तालमीला बसूच देत नसतील, तर दुसरं पथक बघा.

मधेच सोडलं तर सगळी रचना मोडते, तेव्हा निदान एक हंगाम निभावायची तयारी हवी. आणि हो, मागच्या रांगेत उभं केलं म्हणून सरांशी भांडायला जाऊ नका!