बाळाला पाजलं म्हणून अर्ध्या दिवसाचा पगार कापता येतो का?

प्रश्न (मच्छे, ता. बेळगाव): बाळ ७ महिन्यांचं आहे. दोन महिन्यांपूर्वी उद्यमबागेतल्या एका कारखान्यात अकाउंट्सला लागले. सत्तरेक माणसं कामाला आहेत. दुपारी सासूबाई बाळाला घेऊन बसने येतात. आत सोडत नाहीत, म्हणून मी गेटवर वॉचमनच्या खोलीत पाजते. वीस-पंचवीस मिनिटं जातात. गेल्या पगारात असे सहा अर्धे दिवस कापले. साहेब म्हणतात, "प्रोबेशनवर आहेस, जमत नसेल तर सोड." जॉइन होताना कन्नडमधल्या कागदांवर सह्या घेतल्या, बी.कॉम.चं मूळ मार्क्सकार्डही ठेवून घेतलं. काय करू?

उत्तर: ताई, रागाच्या भरात राजीनामा तेवढा लिहून देऊ नका. बाकी सगळं निस्तरता येतं.

आधी पगाराचं बघू, तिथे तुमची बाजू सगळ्यात भक्कम आहे. गैरहजेरीचा पगार कापायचाच झाला, तरी माणूस जितका वेळ कामावर नव्हता तेवढ्याच वेळाचा कापता येतो. हा नियम जुन्या कायद्यात होता आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही आहे. पंचवीस मिनिटांना चार तास, हा हिशेब अकाउंट्समधल्या बाईला मी काय समजावू! इथे बाळाचा विषय काढायचीही गरज नाही.

आता पाजण्याच्या वेळेचं. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात, आणि आता त्याची जागा घेतलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत, मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या सुट्टीखेरीज दिवसातून दोनदा पाजायला वेळ द्यायची तरतूद आहे. त्यापोटी पगार कापायला मनाई आहे. कंपनीचा वकील म्हणेल, हे बाळंतपणानंतर कामावर परतणाऱ्या, मातृत्व लाभाला पात्र बायकांसाठी आहे. या तर नव्यानेच लागल्या. २६ आठवड्यांची पगारी रजा तुम्हाला या कंपनीकडे मागता येणार नाही, हे खरंच. त्यासाठी प्रसूतीआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस त्यांच्याकडे काम झालेलं लागतं. पाजण्याच्या वेळेला मात्र ती ८० दिवसांची अट घातलेली नाही. शिवाय या कायद्याचा अर्थ बाईच्या आणि बाळाच्या हिताचा लावायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने बी. शाह प्रकरणात १९७७ सालीच सांगितलंय. माझ्या मते तुमचं म्हणणं टिकेल, पण वाद घालावा लागेल.

पाळणाघराबाबत तसं नाही. ५० किंवा जास्त कामगार असले की पाळणाघराची सोय करावीच लागते, स्वतःची नाहीतर इतरांबरोबर सामायिक. तिथे आईला दिवसातून चारदा जाता येतं, त्यात नेहमीची सुट्टीही धरतात. "आमच्याकडे बायकाच किती?" हे उत्तर हमखास ऐकाल. पण ५० चा आकडा बायकांचा नाही, एकूण माणसांचा आहे. वॉचमनच्या खोलीत बसून पाजायची वेळ कंपनीनेच आणली आहे, हे अर्जात स्पष्ट लिहा.

प्रोबेशन म्हणजे कायद्यातून सूट नव्हे. सही केलेल्या कागदांनाही घाबरू नका, कायद्याने दिलेला हक्क करारात सोडून देता येत नाही. तरी नकला मागून घ्या आणि कन्नड नीट वाचणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या. बाँड लपलेला असला तर आत्ताच कळलेला बरा.

पुरावा गेटवरच आहे. रजिस्टरात सासूबाईंची येण्या-जाण्याची वेळ लिहीत असतील. त्या तारखा आणि वेळा टिपून ठेवा, पगाराची स्लिप जोडा. आधी कंपनीला ईमेल करा, कापलेले पैसे परत मागा. आठ-दहा दिवसांत हालचाल झाली नाही तर बेळगावच्या कामगार खात्याकडे तक्रार द्या. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे ती मराठीतही देता येते. पण माझं ऐकाल तर सोबत कन्नड प्रत जोडा. भाषेचा हक्क आपला आहेच, पण इथे घाई तुमच्या बाळाला आहे. वकिलाच्या फीची चिंता नको. बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, नाहीतर १५१०० वर फोन करा.

मार्क्सकार्डासाठी वेगळं पत्र द्या, या भांडणात ते मिसळू नका. पडताळणी झाल्यावर मूळ कागद अडकवून ठेवायचा अधिकार कंपनीला नाही. पत्राची पोच मात्र शिक्क्यासह घ्या.