जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये टर्बो घ्यावी की एनए?

तुमचा प्रश्न वाचला. ऐंशी-नव्वदच्या दशकातली स्पोर्ट्स कार घ्यायची आहे. पोर्श ९४४ च्या दोन गाड्या पाहून ठेवल्यात, एक टर्बो आणि एक एस२, म्हणजे टर्बो नसलेली. निसान ३००झेडएक्स आणि टोयोटा सुप्राही मनात आहेत. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्तीची हवा भरणारं यंत्र. एनए, म्हणजे टर्बो नसलेलं मॉडेल, दुय्यम असतं का, आणि कमी पैशांत एनए घेऊन पुढे तिला टर्बो बसवून घेता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

शेवटचं आधी सांगतो. टर्बो बसवता येतो, लोक बसवतातही, पण तो बेत डोक्यात ठेवून एनए घेऊ नका. टर्बोच हवी असेल तर कारखान्यातून टर्बो म्हणून बाहेर पडलेली गाडी घ्या. कारण नाव एक असलं तरी या दोन वेगवेगळ्या गाड्या असतात.

९४४ चंच बघा. १९८२ मध्ये आलेल्या साध्या ९४४ चं इंजिन अडीच लिटरचं, चार सिलिंडरचं. युरोपातल्या गाडीचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते, १०.६ ला १ आणि ताकद १६३ पीएस (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच). १९८५ मध्ये आलेल्या टर्बोचं इंजिनही अडीच लिटरचंच, पण ताकद २२० पीएस. आकडे वाचून वाटतं, एक टर्बो जोडला आणि ५७ पीएस वाढले. प्रत्यक्षात काय काय बदललं? कॉम्प्रेशन ८ ला १ वर आणलं. पिस्टन फोर्ज केलेले घातले. हेडमधल्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणातल्या, एक्झॉस्ट पोर्टना आतून सिरॅमिकचं अस्तर दिलं, म्हणजे उष्णता हेडमध्ये मुरण्याऐवजी टर्बाइनपर्यंत, म्हणजे एक्झॉस्टने फिरणाऱ्या टर्बोच्या चाकापर्यंत, पोचते. दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर आला, ब्रेक बदलले, गिअरबॉक्स मजबूत केला. आणि इंजिन बंद केल्यावरही टर्बोभोवती पाणी फिरत राहावं म्हणून विजेवर चालणारा एक छोटा पंप बसवला. किल्ली काढल्यावर तो थोडा वेळ गुणगुणत राहतो आणि नव्या मालकाला वाटतं, काहीतरी बिघडलं. बिघडलेलं काही नसतं. तो आवाज येत नसेल तर मात्र काळजी करा.

कॉम्प्रेशन एवढं उतरवायचं कारण साधं आहे. टर्बो हवा दाबून आत कोंबतो, आणि दाबलेली हवा तापते. त्यात पिस्टननेही ती आणखी करकचून दाबली तर पेट्रोल-हवेचं मिश्रण वेळेआधीच भडकतं. ते नॉकिंग. हलकं असेल तर नुसता खडखडाट ऐकू येतो, जोराचं असेल तर पिस्टन फुटतो किंवा हेड गॅस्केट जातं. आजची इंजिनं पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारतात आणि त्यांचा कॉम्प्युटर क्षणोक्षणी ठिणगीची वेळ बदलतो, म्हणून १० ला १ कॉम्प्रेशनवरही टर्बो सुखाने चालतो. त्या काळच्या इंजेक्शनला आणि कॉम्प्युटरला ते झेपत नव्हतं. कॉम्प्रेशन कमी ठेवणं हाच मुख्य उपाय होता.

त्याची किंमत तुम्ही खालच्या आरपीएमवर मोजता. बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, यायच्या आधी जुनी टर्बो गाडी म्हणजे कमी कॉम्प्रेशनचं, मवाळ इंजिन. गर्दीत दोन हजार आरपीएमवर तीच गाडी तिच्या एनए भावंडापेक्षा सुस्त वाटू शकते. लोक या सगळ्याला सरसकट ‘लॅग’ म्हणतात, पण त्यात दोन गोष्टींची सरमिसळ असते. पहिली, बूस्टचा उंबरठा. ठराविक आरपीएमच्या खाली एक्झॉस्टचा जोरच इतका कमी असतो की तुम्ही पेडल जमिनीला टेकवलंत तरी टर्बो भरत नाही. दुसरी, खरा लॅग. आरपीएम पुरेसे आहेत, तुम्ही पेडल दाबलंत, पण टर्बाइनचं चाक वेग घेईपर्यंत जाणारा वेळ. पहिलीवर गिअर उतरवणं हा इलाज आहे, म्हणून ती चालकाच्या हातात असते. दुसरीवर फारसा इलाज नाही. ट्रायल घेताना हे वेगवेगळं तपासा. तिसऱ्या गिअरमध्ये आधी दोन हजारांवरून आणि मग साडेतीन हजारांवरून पेडल दाबून बघा.

हे टोकाला गेलेलं पाहायचं असेल तर १९७५ ची पोर्श ९११ टर्बो, जिला सगळे ९३० म्हणतात. तीन लिटर, २६० पीएस. १९७८ मध्ये ३.३ लिटर, इंटरकूलर आणि ३०० पीएस. गिअर मात्र चारच, पाचवा थेट १९८९ मध्ये मिळाला. चार लांब गिअर, मोठा टर्बो आणि मागच्या चाकांच्याही मागे टांगलेलं इंजिन. वळणात पेडल दाबावं तर काही होत नाही, म्हणून माणूस आणखी दाबतो, आणि नेमका वळण संपण्याआधी सगळा बूस्ट एकदम येतो. घाबरून पाय काढला की मागचा भाग बाहेर. या गाडीची जी वाईट ख्याती आहे ती नुसत्या ताकदीमुळे नाही, ती ताकद कधी येणार याचा अंदाज न आल्यामुळे आहे. त्याच काळातली एनए कॅरेरा ३.२ ही २३१ पीएसची, आणि अनोळखी घाटरस्त्यावर मला निवड दिली तर मी हिचीच किल्ली उचलेन.

आता तुमचा ‘दुय्यम’वाला प्रश्न. याचं उत्तर गाडीगणिक बदलतं, आणि मी ते एकाच कसोटीवर ठरवतो: कंपनीने एनए मॉडेल मन लावून बनवलं होतं, की टर्बोच्या जाहिरातीखाली स्वस्तातलं एक मॉडेल हवं म्हणून?

९४४ एस२ मन लावून बनवलेली आहे. तिचं इंजिन तीन लिटरचं, सोळा व्हॉल्व्हचं, २११ पीएस आणि २८० न्यूटन मीटर. चार सिलिंडरांत तीन लिटर म्हणजे एकेक पिस्टन १०४ मिलिमीटर व्यासाचा. एवढं मोठं चार सिलिंडरचं इंजिन थरथरत नाही याचं श्रेय बॅलन्स शाफ्टना. पुढचा चेहरा आणि ब्रेक टर्बोच्याच वळणाचे. शेवटच्या काळातली टर्बो २५० पीएस आणि ३५० न्यूटन मीटरची, म्हणजे सरळ रस्त्यावर ती पुढे जाणारच. पण एस२ ला कुठल्याही गिअरमध्ये, कुठल्याही आरपीएमवर पेडलला लगेच उत्तर मिळतं. पाय मिलिमीटरभर हलवला तर गाडीही तेवढीच हलते. जुन्या एनए गाडीची खरी मजा ही आहे, आणि ती तक्त्यातल्या आकड्यांत दिसत नाही.

३००झेडएक्स, म्हणजे १९८९ ची झेड३२, हीसुद्धा तशीच. अमेरिकेतली एनए २२२ हॉर्सपॉवर, कॉम्प्रेशन १०.५ ला १. ट्विन टर्बो ३०० हॉर्सपॉवर, कॉम्प्रेशन ८.५ ला १. टर्बोला मागची चाकंही वळवणारी सुपर हायकास यंत्रणा, ऑइल कूलर, दोन इंटरकूलर, आणि या सगळ्यापायी जवळपास शंभर किलो जास्त वजन. एनए नाकाला हलकी वाटते. शिवाय ट्विन टर्बोच्या बॉनेटखाली बोट घालायला जागा नाही. दोन टर्बो दोन बाजूंना खोल दडलेले, आणि ते बदलायचे तर बरेच मेकॅनिक सरळ इंजिनच खाली उतरवतात. जिथे टर्बोच्या किमतीपेक्षा तिथवर पोचण्याची मजुरी जड होते, तिथे एनए माझ्या मते शहाणपणाची.

सुप्राचं गणित उलटं. १९९३ च्या सुप्राची एनए वाईट मुळीच नाही, २जेझेड-जीई इंजिन २२० हॉर्सपॉवरचं आणि दणकट. पण अमेरिकेतल्या टर्बोला ३२० हॉर्सपॉवर, गेट्रागचा सहा गिअरचा बॉक्स आणि एकामागून एक जागे होणारे दोन टर्बो. आधी एकच टर्बो भरतो, सुमारे चार हजारांपासून दुसराही कामाला लागतो. १९७५ च्या ९३० वरची तक्रार इथे बऱ्यापैकी मिटलेली आहे. एवढं मोठं, जड अंग त्या टर्बोसाठीच घडवलं होतं असं चालवताना वाटतं.

टोयोटाच्याच दुसऱ्या पिढीच्या एमआर२ मध्ये तर देश बघावा लागतो. अमेरिकेत गेलेल्या एनएला २.२ लिटरचं, १३० हॉर्सपॉवरचं साधं इंजिन होतं, टर्बोला २ लिटरचं २०० चं. जपानच्या एनएला मात्र ३एस-जीई हे खरं स्पोर्टी इंजिन मिळालं. त्यामुळे ‘एमआर२ एनए मिळमिळीत आहे’ असं कुणी म्हणालं तर आधी विचारा, कुठल्या बाजारातली? मित्सुबिशी ३०००जीटीबद्दल एवढंच, की एनए पुढच्या चाकांवर चालते आणि व्हीआर-४ चारही चाकांवर. तिथे तुलनेचा प्रश्नच उरत नाही.

माझदा आरएक्स-७ च्या एफसी पिढीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण या किमतीच्या आसपास ती हमखास समोर येते. रोटरी इंजिन नॉकिंग अजिबात सहन करत नाही, रोटरच्या टोकाच्या सील तुटतात आणि इंजिन खोलावं लागतं. बूस्ट वाढवलेली टर्बो २ फार स्वस्तात मिळत असेल तर ती स्वस्त का आहे, हे समजून घ्या.

वयाचं काय, हा मुद्दा मला ताकदीपेक्षा मोठा वाटतो. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो, तेही तेलाच्या पातळ थरावर. जोरात चालवून आणलेली गाडी लगेच बंद केली की तेल जागच्या जागी थांबतं, जळतं आणि कोळशासारखं चिकटतं. आधीच्या मालकांनी थांबल्यावर मिनिटभर इंजिन चालू ठेवलं होतं का, हे कुठल्याच बिलावर लिहिलेलं नसतं. म्हणून लक्षणं बघावी लागतात. इंटरकूलरच्या नळीत ओलसर फिल्म चालेल, साचलेलं तेल नाही. दोन-तीन मिनिटं आयडलिंगवर ठेवून एकदम रेस केल्यावर निळा धूर आला तर टर्बोची सील किंवा व्हॉल्व्ह गाइड यांपैकी एक गेलंय. रबराच्या व्हॅक्यूम नळ्या तीस वर्षांत काचेसारख्या कडक होतात, आणि निम्म्या ‘टर्बो थकलाय’ तक्रारींचं मूळ तिथेच निघतं.

सगळ्यात महत्त्वाचं, बूस्ट कुणी वाढवलाय का? इंजिनच्या कॉम्प्युटरची मूळ चिप आहे की बदललेली? वेस्टगेटच्या, म्हणजे बूस्ट आवरणाऱ्या झडपेच्या, नळीत मधेच काही बसवलंय? टर्बो गाडीची ताकद वाढवणं इतकं सोपं होतं की पहिल्या दहा वर्षांत कुणाचा तरी हात लागलेला असतोच. एनएमध्ये तशी उचापत करून फारसं काही मिळत नव्हतं, त्यामुळे त्या गाड्या बऱ्याचदा मूळ अवस्थेत सापडतात. उंच डोंगराळ भागात राहत असाल तर मात्र टर्बोच्या पारड्यात एक वजन टाका. दर हजार मीटर चढाईला एनए साधारण दहावा हिस्सा ताकद गमावते, टर्बो विरळ हवेची बरीचशी भरपाई करतो.

आणि तो एनएला टर्बो बसवायचा बेत. सुप्राच्या एनएचं कॉम्प्रेशन १० ला १, टर्बोचं ८.५ ला १. टर्बोच्या ब्लॉकमध्ये पिस्टनवर खालून तेल फवारून त्यांना थंड ठेवायची सोय आहे, एनएमध्ये ती नाही. एनएचा पाच गिअरचा डब्ल्यू५८ बॉक्स जास्तीच्या टॉर्कला दमतो. थोडासा बूस्ट, चांगलं ट्यूनिंग आणि नेमस्त पाय असेल तर अशी गाडी वर्षानुवर्षं चालते, मी पाहिल्यात. पण थोड्या बूस्टवर समाधान मानणारा माणूस मुळात टर्बो बसवायच्या भानगडीत पडत नाही. पिस्टन, क्लच, गिअरबॉक्स, इंधनाची व्यवस्था, ब्रेक हे सगळं एकेक करून बदलत गेलात की खर्च कारखान्याच्या टर्बोला गाठतो, आणि विकताना मोल तेवढं येत नाही.

तुमच्या दोन ९४४ पैकी मी एस२ घेईन, टर्बोचा सगळा सर्व्हिस इतिहास कागदावर हजर नसेल तर. बघायला जाल तेव्हा दोन कागद मागा. एक, टायमिंग बेल्ट आणि बॅलन्स शाफ्टचा बेल्ट कधी बदलला, कारण टायमिंग बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. हे टर्बोलाही लागू आहे. दुसरा फक्त एस२ साठी: दोन कॅमशाफ्टना जोडणारी छोटी चेन आणि तिच्या टेन्शनरवरच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या. त्या झिजून तुटल्या तर कॅमशाफ्टसकट हेड जातं. बदलल्याची नोंद नसेल तर ते काम किमतीतून वजा करून घ्या आणि ते होईपर्यंत गाडी जोरात चालवू नका.