तीस सेंटांचा बुधला

प्रश्न : आम्ही खानापूरचे, घराणं कुंभाराचं. भाचा अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात शिकतो. त्यानं फोटो पाठवलाय. पोरं एक मातीचा बुधला उंच धरून नाचताहेत, बुधला दोन रंगांत रंगवलेला, वर आकडे लिहिलेले. म्हणे ही फुटबॉलची ट्रॉफी! मातीची ट्रॉफी कशी काय? दुसरं असं, बेळगावात आमच्या आणि शेजारच्या कॉलेजचे माजी विद्यार्थी दरवर्षी मॅच खेळतात. यंदापासून ट्रॉफी ठेवायची आहे. काहींना मोठा चकचकीत कप हवाय. तुम्ही काय सांगाल?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : फोटोतला बुधला मी लगेच ओळखला. त्याचं नाव ‘लिटल ब्राउन जग’ (इंग्रजीत जग म्हणजे बुधला). मिशिगन आणि मिनेसोटा या दोन विद्यापीठांत जो जिंकेल, त्याच्याकडे तो राहतो. खेळ मात्र आपला नव्हे. त्यांचा फुटबॉल लांबट चेंडू हातात घेऊन पळण्याचा, अंगावर झेप घेऊन आडवं पाडण्याचा.

३१ ऑक्टोबर १९०३ ला मिशिगनचा संघ मिनेसोटाच्या गावी, मिनियापोलिसला, खेळायला गेला. प्रशिक्षक फील्डिंग योस्ट. सामन्यामागून सामने जिंकत आलेला संघ. परगावचं पाणी पोरांना बाधू नये म्हणून योस्टनी स्वतःचं पाणी ठेवायचं ठरवलं, असं सांगतात. संघाचं सामान सांभाळणाऱ्या टॉमी रॉबर्ट्स या विद्यार्थ्यानं तिथल्याच दुकानातून ३० सेंटांना बुधला आणला. साधारण १९ लिटर पाणी मावेल एवढा. तुमच्या चाकावरच्या लाल मातीचा नाही, लोणच्याच्या बरणीसारखा चिनीमातीचा, मळकट करड्या रंगाचा.

मिशिगननं आधी गुण घेतले. शेवटी शेवटी मिनेसोटानं बरोबरी साधली, ६-६. तेव्हा टचडाउनला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला की, ५ गुण आणि त्यावरच्या किकला १ मिळायचा, म्हणून हे ६. जिंकत सुटलेल्या संघाला रोखलं म्हटल्यावर लोक थांबतात कसले! दोन मिनिटं बाकी असतानाच सगळे मैदानात घुसले आणि सामना तिथंच संपला. त्या गोंधळात मिशिगनवाले बुधला विसरून गेले.

दुसऱ्या दिवशी तो मिनेसोटाच्या ऑस्कर मन्सन या कर्मचाऱ्याला सापडला. त्यानं तो क्रीडा विभागाच्या कुक साहेबांकडे नेला. त्यावर लिहिलं गेलं, ‘मिशिगनचा बुधला, ऑस्करनं पकडला’, खाली तारीख. गुणही लिहिले, मिनेसोटाचा ६ भला मोठा आणि मिशिगनचा ६ बारीकसा. बरोबरीचा सामना, पण अंकाच्या आकारात त्यांनी तो जिंकून घेतला. मला ही गोष्ट फार आवडते.

पुन्हा गाठ पडली १९०९ मध्ये. मिशिगननं १५-६ नं जिंकून बुधला परत नेला, आणि तेव्हापासून तो ट्रॉफी झाला. १९१९ मध्ये मिनेसोटानं ३४-७ नं हरवून आपल्याकडे आणला. पुढं अर्धा भाग मिनेसोटाच्या तांबूस रंगात, अर्धा मिशिगनच्या निळ्या रंगात रंगवला आणि वर्षावर्षाचे गुण त्यावर चढत गेले. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला तो काही काळ हरवलाही होता.

आता तुमची मॅच. माझ्या कॉलेजच्या दिवसांत आम्हीही एका शील्डसाठी बेळगावच्या लेले मैदानावर खेळलो. भर पावसात, गुडघाभर चिखलात, बाहेरून “बॉल सोड गा!” म्हणून ओरडा. आम्ही जिंकलो. शील्डवर ना वर्ष कोरलं, ना गुण. पुढं पंधरा-वीस वर्षांनी मी मुद्दाम ते बघायला गेलो, तर कपाटं हलवताना ते भंगारात गेलेलं. मित्र म्हणतो २-१, मला पक्कं आठवतं ३-१. मिटवायचं कशावरून? ही खंत अजून जात नाही.

म्हणून कप घेऊ नका. तुमच्याच भट्टीत एक जाड अंगाचा बुधला भाजा. खानापूरच्या मातीचाच करा, आणि त्याच बेताचे आणखी दोन काढून ठेवा, कारण एखादा फुटणारच. वरच्या अंगाला दोन्ही कॉलेजांचे रंग द्या, खालचा भाग मोकळा सोडा. मॅच संपली की त्याच संध्याकाळी, सगळ्यांच्या देखत, हरलेल्या कप्तानानं स्वतःच्या हातानं तारीख आणि गोल लिहायचे. लिहिल्यावर फोटो काढा. वर्षभर तो जिंकलेल्यांपैकी कुणाच्या तरी घरी राहू द्या. कॉलेजच्या कपाटात मात्र ठेवू नका.

मॅचची तारीख ठरली की कळवा. मी लेले मैदानावर येतो.