प्रशिक्षण विमानाचे हलके लढाऊ विमान होते, पण ते स्वस्त राहते का?

17 ऑक्टोबर 2025 रोजी ओझरच्या धावपट्टीवरून नाशिकमध्ये तयार झालेल्या पहिल्या तेजस मार्क-1ए ने झेप घेतली. त्या संदर्भात आपण विचारले आहे की, तेजसची वाट पाहत बसण्यापेक्षा दक्षिण कोरियाच्या एफए-50 सारखी, प्रशिक्षण विमानातून घडवलेली हलकी लढाऊ विमाने विकत का घेऊ नयेत, किंवा हाताशी असलेल्या हॉक या प्रशिक्षण विमानांनाच शस्त्रे लावून स्क्वॉड्रनची, म्हणजे हवाई दलाच्या लढाऊ विमानांच्या तुकड्यांची, तूट का भरून काढू नये. मंजूर संख्या 42 असताना, 26 सप्टेंबर 2025 ला मिग-21 निवृत्त झाल्यावर आपल्याकडे 29 स्क्वॉड्रन उरली आहेत. त्यामुळे प्रश्न रास्तच आहे. ओझरच्या कारखान्यात मिगच्या ओव्हरहॉलवर नोकरी केलेला माणूस म्हणून मला जे दिसते ते सविस्तर लिहितो.

मुळात ही कल्पना नवी नाही. अमेरिकेचे टी-38 हे प्रशिक्षण विमान आणि एफ-5 हे स्वस्त लढाऊ विमान एकाच आराखड्यातून निघाले, आणि एफ-5 ने अनेक लहान देशांची हवाई दले कित्येक दशके चालवली. आपल्याकडे परिचित असलेल्या नॅटची कथा तर उलटी आहे. ते हलके लढाऊ विमान म्हणून जन्मले आणि 1965 व 1971 मध्ये आपल्याकडून लढले. ब्रिटनने मात्र त्याचे दोन आसनी रूप करून त्यावर आपले वैमानिक शिकवले.

आजच्या विमानांत फरक पडला तो संगणकामुळे. इटलीच्या एम-346 सारख्या विमानात बसलेल्या शिकाऊ वैमानिकाला समोरच्या पडद्यावर शत्रूची विमाने दिसतात, तो त्यांवर रडार रोखतो, क्षेपणास्त्र सोडतो आणि ते लागले की चुकले हेही त्याला कळते. प्रत्यक्षात त्या विमानाच्या नाकात रडार नसते आणि पंखाखाली क्षेपणास्त्रही नसते. सगळे दृश्य संगणकाने रचलेले असते. शिकवण्यासाठी एवढे पुरते, आणि खर्च वाचतो तो याच जागी. मात्र त्याच विमानाला लढायला पाठवायचे ठरले की प्रत्येक खोटी वस्तू खरी करावी लागते. खरे रडार बसवले की त्याला वीज लागते आणि ते थंड ठेवण्याची सोय लागते. शत्रूच्या रडारची सूचना देणारी यंत्रणा, क्षेपणास्त्राला चकवणारे फ्लेअर आणि चॅफ, इतर विमानांशी व जमिनीवरच्या केंद्राशी माहितीची देवाणघेवाण करणारी डेटालिंक, या सगळ्यांसाठी जागा शोधावी लागते, वायरिंग नव्याने करावे लागते, आणि प्रत्येक शस्त्र त्या विमानावरून सोडून सिद्ध करावे लागते. एम-346 च्या एफए या लढाऊ आवृत्तीत ग्रिफो रडार घातले गेले ते याच वाटेने. सांगाडा स्वस्तातला असला, तरी आत भरायच्या वस्तूंचा बाजारभाव त्यासाठी कमी होत नाही.

दुसरी अडचण त्या मागच्या आसनाची. मिग-21 चे दोन आसनी रूप ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना आठवत असेल की, मागे बसलेल्या प्रशिक्षकाला पुढचे काही दिसत नसल्यामुळे त्याच्या कॅनोपीवर, म्हणजे कॉकपिटच्या पारदर्शक झाकणावर, पेरिस्कोप बसवलेला होता, आणि उतरताना त्याला त्यातूनच धावपट्टी पाहावी लागे. आधुनिक प्रशिक्षण विमानांत मागचे आसन पुष्कळ उंच ठेवतात, जेणेकरून प्रशिक्षकाला शिकाऊच्या डोक्यावरून समोरचे स्वच्छ दिसावे. शिकवायला ही रचना उत्तम आहे. पण त्यामुळे विमानाची पाठ फुगते, आणि दुसरा कॉकपिट व दुसरे इजेक्शन आसन यांच्या वजनाबरोबरच इंधनाला मिळू शकली असती ती जागाही जाते. एकट्या वैमानिकाने लढाईला जायचे असेल तेव्हा ते रिकामे आसनही सोबत वाहून न्यावे लागते.

आता एफए-50 कडे येतो. ज्या टी-50 या प्रशिक्षण विमानावरून ते घडले त्याचे पहिले उड्डाण 2002 मध्ये झाले, त्यात लॉकहीड मार्टिनचा सहभाग होता, आणि त्यात जनरल इलेक्ट्रिकचे एफ404 घराण्याचे इंजिन आहे. तेजस मार्क-1ए लाही त्याच घराण्याचे इंजिन आहे. तेजसचा उशीर बराचसा या इंजिनांच्या पुरवठ्यात अडकला होता, हे लक्षात घेतले तर त्याच कंपनीच्या इंजिनावर चालणारे दुसरे विमान आणून आपण नेमके कोणते अवलंबित्व कमी करणार, हे मला कळत नाही. सुरुवातीच्या एफए-50 वर दृष्टीपल्याड मारा करणारी क्षेपणास्त्रे नव्हती आणि हवेत इंधन भरण्याची सोयही नव्हती. पोलंडने 2022 मध्ये 48 विमाने घेतली, पण त्यांतल्या 36 विमानांसाठी त्याने सुधारित आवृत्तीच मागितली आहे.

फिलिपिन्सला मात्र हे विमान शोभून दिसते. त्यांनी 2005 मध्ये एफ-5 निवृत्त केल्यावर त्यांच्याकडे लढाऊ जेटच उरले नव्हते. 12 एफए-50 आल्यावर त्यांना आपले आकाश राखता येऊ लागले आणि 2017 मध्ये तिथल्या मरावी शहराच्या लढाईत बंडखोरांवर बॉम्बही टाकता आले. ज्या शत्रूकडे रडार नाही आणि क्षेपणास्त्रांची फळी नाही, त्याच्यासाठी एवढे विमान पुष्कळ झाले. आपल्या दोन सीमांपलीकडे जे उभे आहे त्याच्याशी मरावीची तुलना करणे मला धाडसाचे वाटते.

हॉकबद्दल थोडक्यात. एचएएलने (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) 2017 मध्ये हॉक-आय ही सशस्त्र आवृत्ती उडवली आणि जानेवारी 2021 मध्ये तिच्यावरून धावपट्टी उद्ध्वस्त करणारे स्वदेशी शस्त्र डागूनही दाखवले. प्रयोग म्हणून तो चांगलाच होता. पण हॉकला आफ्टरबर्नर, म्हणजे इंजिनाला जादा जोर देणारी सोय, नाही, आपल्या हॉकमध्ये रडार नाही, आणि मुख्य म्हणजे ते मोकळे नाही. प्रगत जेट प्रशिक्षण विमान हवे, असे ला फाँटेन समितीने 1982 मध्ये सांगितले होते. हॉकचा करार 2004 मध्ये झाला आणि बिदरला विमाने दाखल झाली ती 2008 मध्ये. दरम्यानच्या काळात नवख्या मुलांना थेट मिग-21 वर चढावे लागले, आणि त्याची किंमत आपण अपघातांत मोजली. त्या हॉकचे तास शिकवण्यातून काढून सीमेवर खर्च करायचे म्हटले, तर उद्याच्या सुखोईसाठी वैमानिक तयार कुठे व्हायचे?

किमतीबाबत एक सावधगिरी सुचवतो. मलेशियाने 2023 मध्ये 18 एफए-50 सुमारे 92 कोटी डॉलरना घेतली, तर आपला सप्टेंबर 2025 चा 97 तेजसचा करार 62,370 कोटी रुपयांचा आहे. करारात सुटे भाग, प्रशिक्षण, जमिनीवरची साधने किती धरली आहेत यावर आकडा बदलतो, म्हणून नुसता भागाकार करून दर काढू नये. त्या 97 पैकी 29 विमाने दोन आसनी आहेत, म्हणजे आपण एकाच विमानातून शिकवण्याची आणि लढण्याची सोय लढाऊ विमानाकडून शिकवण्याकडे येणाऱ्या वाटेने करत आहोत. रडार आणि शस्त्रांसह सिद्ध झालेल्या विमानाला मागचे आसन जोडणे हे काम, वर सांगितलेल्या उलट कामापेक्षा माझ्या मते सोपे आहे. प्राथमिक शिक्षणासाठीच्या एचटीटी-40 ची दुसरी उत्पादन ओळही ओझरलाच त्याच 17 ऑक्टोबरला सुरू झाली. ते टर्बोप्रॉप, म्हणजे पुढच्या पंख्यावर उडणारे, विमान आहे, त्यामुळे आपल्या प्रश्नातल्या हलक्या लढाऊ विमानांत त्याची गणना करू नये.