घरच्या घरी, फावल्या वेळात काम करणारे हौशी लोक ओपन सोर्स साधनांवर इतक्या लवकर चालतं उपकरण कसं उभं करतात?

तुम्ही विचारलंय की नोकरी सांभाळून संध्याकाळी दोन तास मिळणाऱ्या माणसाला ही साधनं खरंच पुरतात का. पुरतात. मी याच पद्धतीने काम करतो. फुकटपणामुळे पैसे वाचतात, पण वेळ वाचतो तो निराळ्याच कारणाने: कुणीतरी बरंचसं काम आधीच करून ठेवलेलं असतं आणि ते उघडून बघायची, बदलायची मुभा असते.

कुंडीतली माती सुकली की फोनवर कळवणारं यंत्र मला हवं होतं. पहिल्या संध्याकाळी ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता वायरी खोचायच्या पाटीवर, ईएसपी३२ या वायफाय असलेल्या चिपचा तयार बोर्ड खोचला, ओलावा मोजणारा सेन्सर जोडला आणि आर्डुइनोच्या आयडीईत (कोड लिहून बोर्डावर चढवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) कोड लिहिला. वायफाय आणि संदेश पाठवणं तयार लायब्रऱ्यांनी, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेल्या कोडने सांभाळलं, माझ्या स्वतःच्या ओळी जेमतेम पन्नास. दिसायला नुसता वायरींचा गुंता, पण ओल्या आणि कोरड्या मातीतला फरक त्याला कळत होता.

काही दिवसांनी सेन्सरचे धातूचे दोन दात गंजून गेले. ओल्या मातीतून सतत वीज गेली की इलेक्ट्रोलिसिस होऊन धातू झिजतो. मग कपॅसिटिव्ह सेन्सर घेतला. त्याचे पत्रे लेपाखाली झाकलेले असतात. नुकसान झालं ते एका सेन्सरचं. हीच चूक पीसीबी (छापील सर्किट बोर्ड) छापून आणल्यावर कळली असती, तर सगळे बोर्ड वाया गेले असते. म्हणून ज्या गोष्टीबद्दल सगळ्यात जास्त शंका आहे ती मी आधी करून बघतो, बाहेरची डबी आणि रंगरूप शेवटी.

पुढचा धडा बॅटरीचा, आणि ओपन सोर्सचं मोल मला तिथे कळलं. डीप स्लीपमध्ये, म्हणजे गाढ झोपवून ठेवल्यावर, ईएसपी३२ चिप साधारण १० मायक्रोअँपिअरच घेते, त्यामुळे बॅटरी कित्येक महिने टिकेल असा माझा हिशोब होता. ती आठवडाभरात संपली. बोर्डाचा सर्किट आराखडा खुला होता, म्हणून तो मल्टिमीटरशेजारी ठेवून बसलो. चिप झोपलेली असली तरी बोर्डावरचा पॉवर एलईडी, यूएसबीची चिप आणि व्होल्टेज रेग्युलेटर जागेच होते. बंद उत्पादन असतं तर मी नुसते अंदाज बांधत राहिलो असतो. इथे एका संध्याकाळीत कळलं की काय काढायचं.

त्यातूनच स्वतःचा पीसीबी केला, कायकॅड या सर्किट बोर्ड आखायच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये. १९९२ मध्ये जाँ-पिएर शारा यांनी ते सुरू केलं, पुढे सर्न या युरोपातल्या अणुसंशोधन संस्थेनेही त्याच्या विकासाला मोठा हातभार लावला. आज हौशी कामाला ते पुरून उरतं. एक सवय जरूर लावून घ्या: बोर्ड बनवायला पाठवण्याआधी त्याची खऱ्या मापाची प्रिंट कागदावर काढा आणि त्यावर प्रत्यक्ष भाग ठेवून बघा. कनेक्टर उलटा आहे, भोकं जुळत नाहीत, हे कागदावरच दिसतं. बोर्ड तयार होऊन यायला दिवस लागतात, तिथली प्रत्येक चूक महाग पडते.

डबी थ्रीडी प्रिंटरवर छापायची, तर तिच्या डिझाइनसाठी मी ओपनएससीएडी हे सॉफ्टवेअर वापरतो. त्यात आकार कोडने लिहायचा असतो, म्हणून बोर्ड २ मिमीने वाढला तर एक आकडा बदलला की झालं. माउसने चित्र काढल्यासारखं काम आवडत असेल तर फ्रीकॅड घ्या; शिकायला वेळ लागतो. जोडायच्या भागांत ०.२ ते ०.३ मिमी फट ठेवा. उन्हात राहणारी वस्तू पीएलए या छपाईच्या प्लास्टिकात करू नका, ते ६० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडतं, पीईटीजी हे दुसरं प्लास्टिक बरं. घरगुती थ्रीडी प्रिंटरही खुल्या कामातूनच आला आहे. एड्रियन बोयर यांनी बाथ विद्यापीठात २००५ मध्ये रेपरॅप हा खुला थ्रीडी प्रिंटर प्रकल्प सुरू केला आणि २००९ मध्ये प्लास्टिक वितळवून थर रचण्याच्या या छपाई पद्धतीचं मूळ पेटंट संपल्यावर स्वस्त प्रिंटरांची रांग लागली.

कोड, सर्किट आणि डबीचं डिझाइन, तिन्ही पहिल्या दिवसापासून गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवा. काल चालत होतं ते आज का बंद पडलं, याचं उत्तर तिथे सापडतं.

अडचणीही आहेत. लायब्ररी घेण्याआधी तिच्यात शेवटचा बदल कधी झाला ते बघा. वाऱ्यावर सोडलेल्या लायब्ररीपायी मी दोन आठवडे घालवले आहेत. लिथियम बॅटरीच्या चार्जिंगवर स्वतःचे प्रयोग करू नका, संरक्षण असलेलं तयार मॉड्यूल लावा. आणि पुढे विकायचा विचार असेल तर परवाने आत्ताच वाचा. जीपीएल या ओपन सोर्स परवान्याचा कोड घालून उपकरण विकलंत, तर त्या फर्मवेअरचा (उपकरणात बसवलेल्या सॉफ्टवेअरचा) सोर्स ग्राहकाला उपलब्ध करून द्यावा लागतो. नेटवर मिळणाऱ्या बऱ्याच थ्रीडी मॉडेलांवर 'व्यावसायिक वापर नको' अशी अट असते, म्हणजे ती बघायला खुली असली तरी विकायला नाहीत.

तुमच्या उपकरणात नेमकी शंका कशाची आहे ते लिहा, पहिल्या संध्याकाळी काय जोडून बघायचं ते सांगतो.